मॅम तिकाची चार रात्रींची झोप

मॅम तिकाने देवाकडे कधी काही मागितलं नाही. ती देवाला सूचना द्यायची. अडतीस वर्षं दुसरीचा वर्ग सांभाळलेल्या बाईकडून दुसरं काय होणार? संध्याकाळी जपमाळ हातात घेतली की आधी रीतसर प्रार्थना व्हायची, आणि शेवटी मुलांना गृहपाठ सांगावा तशी कामांची यादी. शेजारच्या म्हातारीच्या दम्याकडे आज लक्ष दे. चर्चमध्ये गाणाऱ्या पुरुषांना सूर सांभाळायची बुद्धी दे. वादळ यायचंच असेल तर आंबे उतरल्यावर येऊ दे, आधी नको.

तिचं पूर्ण नाव एस्कोलास्तिका, पण गिमारास बेटावर तिला त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. अर्धं गाव तिच्या हाताखाली पाढे शिकलं होतं, त्यामुळे पन्नाशीला टेकलेला कोळीसुद्धा तिला ‘मॅम’ म्हणायचा आणि बाजारात ती दिसली की विडी पाठीमागे लपवायचा. लग्न केलं नाही. धाकटी बहीण बासिलिसा विधवा झाली, तेव्हापासून दोघी आईबापांच्या घरात एकत्र राहत होत्या. एक हुकूम सोडायची आणि दुसरी टोमणे मारायची, त्यामुळे घरात आवाजाची कमतरता नव्हती.

दोन वर्षांपूर्वी मॅम तिका निवृत्त झाली. हातात एकरकमी पैसे आले. त्याच सुमारास बासिलिसाच्या नवऱ्याची, रोमुलोची पंपबोट, म्हणजे मोटार लावलेली होडी, दारात उलटी पडून कुजायला लागली होती. मॅमने बहिणीच्या मागे लागून ती विकायला लावली आणि दोघींचे पैसे समुद्रापलीकडे इलोइलो शहरात नेऊन एका कंपनीच्या फंडात टाकले. फंड म्हणजे मनिलाच्या शेअर बाजारात शंभर ठिकाणी थोडे थोडे पैसे. बासिलिसाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. रोमुलोची बोट गेली याचंच तिला वाईट वाटत होतं. त्या दिवशी परतीच्या बोटीत मॅमने तिचा हात धरून सांगितलं होतं, “तुझ्या रोमुलोची बोट मी बुडू देणार नाही.” बोलताना बोलून गेली. आता तेच वाक्य तिच्या घशात अडकलं होतं.

कारण बाजार पडत होता. एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हे, सलग तीन आठवडे. दूर कुठेतरी युद्ध पेटलं होतं, तेल महागलं होतं, आणि रेडिओवरचा माणूस रोज संध्याकाळी मनिलाचा आकडा असा वाचायचा की जणू कुणाच्या मयताची बातमी देतोय. मॅमने सवयीप्रमाणे देवाला सांगून पाहिलं. उद्या चढू दे, म्हणाली. दुसऱ्या दिवशी आणखी उतरला. बरं, चढू नको देऊस, निदान आहे तिथे राहू दे, म्हणाली. तरी उतरला. शेवटच्या बाकावरच्या उनाड पोराने मुद्दाम उलटं करावं तसं चाललं होतं, आणि या पोराला वर्गाबाहेर उभं करायची सोय नव्हती.

दहा रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. जेवणावरची वासना उडाली. सोमवारी तिने अखेर बहिणीपुढे विषय काढला.

“बासिंग, एक तृतीयांश गेले.”

बासिलिसा अंगणात शेंगा सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. “कशाचे?”

“दोघींचेही. आता काढून घेतले तर उरलेले तरी हाताशी राहतील. नाही काढले तर कदाचित तेही जातील. किंवा परत येतील. कुणाला ठाऊक.”

“मला कशाला विचारतेस, मनांग?” थोरल्या बाईला तिकडे मनांग किंवा नुसतं नांग म्हणतात. “बोट विकताना विचारलं होतंस का? तेव्हा तर पाटी-पेन्सिल घेऊन मला समजावत होतीस.” शेंगा टोपलीत पडत राहिल्या. “तुझं तू बघ.”

हे ‘तुझं तू बघ’ मॅमला फार लागलं. आयुष्यभर ती स्वतःचं तर बघतच आली होती आणि इतरांचंही. पण आता बघायचं काय आणि कसं, तेच तिला कळत नव्हतं.

मंगळवारी सकाळी कंपनीतून जेसीचा फोन आला. जेसी गाबासा ही त्यांचे पैसे सांभाळणारी मुलगी, पंचविशीची, कागदावर सह्या घेताना भेटली होती तेवढीच. घरात फोनला आवाज नीट यायचा नाही, म्हणून मॅम विहिरीच्या कट्ट्यावर चढून उभी राहिली. बाजूच्या झाडावर आंबे कागदी पिशव्यांत गुंडाळून टांगले होते.

“मॅम, तुम्ही निरोप ठेवला होतात,” जेसी म्हणाली. तिचा आवाज बसला होता. “आजचं सांगायचं असेल तर बाराच्या आत सांगावं लागेल. सगळे काढायचे, अर्धे काढायचे, की राहू द्यायचे? मॅम? ऐकू येतंय ना?”

मॅमला ऐकू येत होतं. तिने तोंड उघडलं. काढ म्हणावं, तर रोमुलोची बोट तिच्या स्वतःच्या हाताने बुडत होती. राहू दे म्हणावं, तर उद्या उरलंसुरलंही जायचं. कट्ट्यावरून पडू नये म्हणून तिने विहिरीचा खांब धरला. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे देवाला द्यायला एकही सूचना नव्हती.

येशूला तिकडे हेसुस म्हणतात. तिच्या तोंडून फक्त तेवढं नाव आलं, आणि त्यालाच जोडून एक दीर्घ श्वास. मग ती म्हणाली, “आता तूच बघ. माझ्याच्याने होत नाही.”

फोन तिने कधी बंद केला ते तिलाही आठवत नव्हतं. पलीकडे कुणी होतं हेच ती विसरली होती. काही सांगितलं नाही म्हणजे काही होणार नाही, एवढं तिला माहीत होतं. ती कट्ट्यावरून उतरली, स्वयंपाकघरात गेली आणि दोन वाट्या भात खाल्ला.

त्या दुपारपासून जे झालं, ते मॅम तिकाला आजतागायत नीट सांगता आलेलं नाही. ती शांत झाली. मन घट्ट केल्याने येते तशी ही शांतता नव्हती. ओझं खरोखर कुणीतरी खांद्यावरून उचलून नेलं होतं, आणि खांदा हलवून पाहिला तर तिथे काही नव्हतं. रात्री आडवी झाली ती सकाळी कोंबड्यालाही दाद न देता झोपली. बुधवारीही तसंच. रेडिओवरच्या माणसाने आणखी वाईट आकडा वाचला. मॅमने तो ऐकला, भीती येते का म्हणून क्षणभर वाट पाहिली. भीती आली नाही. तिला स्वतःचंच नवल वाटलं, आणि नवलाच्या मागोमाग अंगावर काटा आला. इतकी वर्षं ती ज्याच्याशी बोलत होती, त्याने पहिल्यांदाच हात पुढे करून काहीतरी घेतलं होतं.

गुरुवारी गाण्याच्या सरावाला तिने पुरुषांना एकदाही टोकलं नाही. पुरुष घाबरले. शुक्रवारी ती अंगण झाडता झाडता गुणगुणत होती.

“मनांग, तुला बरं आहे ना?” बासिलिसाने विचारलं.

“मी त्याच्यावर सोपवलं.”

“कुणावर? त्या पोरीवर?”

मॅमने झाडूने आभाळाकडे दाखवलं.

“अस्सं. त्याला शेअर बाजारातलं कळतं का?”

“तुझ्यापेक्षा जास्त कळत असेल.”

“माझ्यापेक्षा कुणालाही जास्तच कळतं,” बासिलिसा म्हणाली. “माझी बोट सोपवलीस, तर पावती तरी घ्यायची होतीस.” पण बहीण पोटभर जेवते आहे, रात्री घोरते आहे, हे तिला दिसत होतं. तिने पुढे ताणून धरलं नाही.

शनिवारी दुपारी, जेवणं नुकतीच आटोपली होती, तेव्हा दारात भाड्याची तीनचाकी ट्रायसिकल थांबली. त्यातून जेसी उतरली. पहिल्या नजरेला मॅमने तिला ओळखलंच नाही. सह्यांच्या दिवशी इस्त्रीच्या कपड्यांत, ओठांना रंग लावून बसलेली ती तरतरीत मुलगी कुठे, आणि ही कुठे. डोळे आत गेलेले, केस कसेतरी बांधलेले, बोटीतल्या खाऱ्या पाण्याने एक बाही ओली. छातीशी एक फाइल घट्ट धरलेली.

“मॅम, न सांगता आले. माफ करा.”

बासिलिसाने तिला आधी बसवलं, मग पानात बांधून शिजवलेला चिकट भात आणि चिरलेला आंबा पुढे ठेवला. तिकडे घरी आलेल्या माणसाच्या तोंडात काही पडल्याशिवाय त्याला बोलू देत नाहीत. जेसीने दोन घास खाल्ले आणि ताटली बाजूला सारली.

“मॅम, मला हे झेपत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही माझ्यावर सोपवलंत, पण मला तसं करायची परवानगी नाही. पैसे तुमचे, निर्णय तुम्हीच सांगायचा, असा नियम आहे. मी तुम्हाला तेव्हाच परत फोन करायला हवा होता. चारदा फोन हातात घेतला. पण तुमचा आवाज कानात होता, मला ते परत करवेना.”

मॅम तिकाला काही उलगडेना. “मी तुझ्यावर काय सोपवलं, इंदाय?” लेकीच्या वयाच्या मुलीला तिकडे असंच म्हणतात.

“सगळंच की. मंगळवारी. फोनवर.”

“काय म्हणाले मी? जसंच्या तसं सांग.” आवाज आपोआप वर्गातला झाला होता.

जेसी गोंधळली. शाळेत उभं केल्यासारखी ती ताठ झाली आणि म्हणाली, “हेसुसा, आता तूच बघ. माझ्याच्याने होत नाही.”

अंगणात कोंबडी फडफडली.

“हेसुसा,” बासिलिसा म्हणाली. “हेसुसा कोण?”

“मी. जेसी फक्त ऑफिसात. माझं खरं नाव हेसुसा आहे, पण ते फक्त माझी लोला घ्यायची. आजीच्या तोंडातलं नाव ते. ती गेल्यापासून कुणी घेतलं नव्हतं.” तिने खाली पाहिलं. “मला वाटलं, कागदावर वाचून तुमच्या लक्षात राहिलं असेल. त्या आठवड्यात सगळे मला शिव्या घालत होते, मॅम. एकाने तर माझ्या आईबापांपर्यंत उद्धार केला. आणि तुम्ही माझ्या लोलासारखी हाक मारून म्हणालात, तूच बघ.”

बासिलिसाच्या चेहऱ्यावर आधी हसू फुटायला आलं. “अगं, पण ती तर…” मॅमने हात वर केला आणि ती गप्प झाली. तिचं हसूही तिथेच विरलं.

“मग तू काय केलंस?” मॅमने विचारलं.

“बघितलं,” हेसुसा म्हणाली. “दिवसा ऑफिसात वेळ मिळायचा नाही, म्हणून रात्री. मंगळवारी तुमची फाइल घरी नेली. झोप आलीच नाही. बुधवारी वरिष्ठांना विचारलं, ते म्हणाले डोकं फिरलंय का तुझं, गिऱ्हाईक आहे, नातं नाही. गुरुवारी सगळं फाडलं आणि पहिल्यापासून मांडलं. आज पहाटे संपलं.” तिने फाइलीतून चौकटीच्या वहीचा एक कागद काढला, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरांत भरलेला. “चार रात्री मी झोपले नाही, मॅम. मला चूक व्हायची भीती वाटत होती.”

मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मॅम तिकाला बोटं मोजायची गरज पडली नाही. त्याच चार रात्री. ती जेव्हा मेल्यासारखी झोपली होती, तेव्हा समुद्रापलीकडे एका भाड्याच्या खोलीत ही पोर तिच्या नावाचे कागद पुढ्यात घेऊन जागी होती. खांद्यावरून उचललेलं ओझं हवेत विरलं असं ती धरून चालली होती. ते विरलं नव्हतं. ते या लुकड्या खांद्यांवर जाऊन बसलं होतं. हात पुढे करून घेणारा होता, यात शंका नाही, पण त्याचा हात असा दिसतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. शाईचे डाग पडलेला, नखं कुरतडलेला.

मॅमला बसवेना. ती उठून उभी राहिली, मग उभं राहून काय करायचं ते न कळून परत बसली.

“इंदाय, मी खोटं बोलत नाही, आता या वयात शिकणारही नाही. ते मी तुला म्हटलं नव्हतं. मला तुझं नाव ठाऊक नव्हतं. मी त्याला म्हटलं होतं. हेसुसला.”

मुलीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने घाईघाईने कागद परत फाइलीत कोंबायला सुरुवात केली. “म्हणजे मी उगाचच… माफ करा मॅम, मी काहीतरी भलतंच… मी जाते, साडेतीनची बोट असेल…”

“बस खाली.”

ती बसली. त्या आवाजापुढे आजवर कुणी उभं राहिलेलं नव्हतं.

“उगाच नाही,” मॅम म्हणाली. “दहा रात्री मी जागी होते. मग चार रात्री झोपले. मला वाटलं, त्याने माझी भीती घेतली आणि कुठेतरी फेकून दिली. त्याने फेकली नाही गं. त्याने ती तुझ्याकडे दिली आणि तू घेतलीस. तुझी नव्हती तरी घेतलीस. मी झोपले, कारण कुणीतरी जागं होतं.”

हेसुसाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते तिने पुसलंही नाही. बासिलिसाने कपाळावर, छातीवर क्रूसाची खूण केली. टोमणा तिच्या तोंडापर्यंत आला असेलही, पण बाहेर आला नाही.

मग मॅमने कागद मागितला. चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या, तपासायच्या वहीसारख्या, फक्त या वेळी लाल पेन हातात नव्हता. मांडणी साधी होती. मॅमच्या पेन्शनमध्ये दोघींचं जेवणखाण भागतं. दोन वर्षांच्या औषधपाण्यापुरते पैसे आता काढून सुरक्षित ठेवायचे, तोटा सोसून का होईना. बाकीच्यांना सात वर्षं हात लावायची गरज नाही, म्हणून त्यांच्याकडे रोज बघायचीही गरज नाही. बासिलिसाच्या नावचे, बोटीचे पैसे वेगळे दाखवले होते, त्यांच्याभोवती चौकट काढली होती. शेवटी लिहिलं होतं: बाजार आणखी पडू शकतो. कधी वर येईल ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

ते शेवटचं वाक्य मॅमने दोनदा वाचलं. रेडिओवरच्या माणसाने ते तीन आठवड्यांत एकदाही म्हटलं नव्हतं. तिने कागद बहिणीकडे सरकवला.

“बासिंग, बोट तुझी होती. बुडू देणार नाही असं मी म्हटलं होतं, ते माझ्या हातातलं नव्हतं. मी उगाच बोलले. आता तू सांग.”

बासिलिसा चपापली. तिला आजवर मनांगने काही विचारलं नव्हतं. तिने कागद उलटा धरला, मग सुलटा केला, आणि तो तसाच खाली ठेवून मुलीकडे पाहिलं.

“तुझ्या लोलाचे पैसे असते तर?”

“लोलाचे समजूनच केलंय, नांग,” हेसुसा म्हणाली. “दुसरं कसं करायचं ते मला सुचेना.”

“मग असू दे तसंच. बुडाली तर बुडाली. रोमुलोची बोट काय, नवीन होती तेव्हासुद्धा गळायची.”

दोघींनी सह्या केल्या. हेसुसाने कागद गोळा केले, पण उठताना तिचा तोल गेला आणि तिने टेबल धरलं. मॅमने तिच्या हातातून फाइल काढून घेतली, तिला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं आणि स्वतःच्या पलंगावर निजवलं. मुलगी ऑफिसचं, सोमवारचं, बोटीचं काहीतरी पुटपुटत होती.

“झोप तू,” मॅम म्हणाली. “मी बघते.”

ती उशीला डोकं टेकायच्या आत झोपली. तोंड किंचित उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबता. मॅमने तो हात उचलून आत ठेवला आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. साडेतीनची बोट गेली. पाचचीही गेली. बासिलिसा दारात येऊन म्हणाली, “उठव तिला, शेवटची सुटेल,” तेव्हा मॅमने मान हलवली आणि ती पाऊल न वाजवता परत गेली.

संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली तसा मॅम तिकाचा हात जपमाळेकडे गेला. पण शब्द येईनात. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. शेजारणीचा दमा होता, आंबे होते, मनिलाचा बाजार होता. पण तिची जीभ उचलेना. इतकी वर्षं ती बोलत राहिली होती, कारण मनातून तिला कधी वाटलंच नव्हतं की तो प्रत्येक शब्द ऐकतो. आज ती त्या झोपलेल्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तो ऐकतो म्हणजे काय हे तिला समजत होतं. आपण इथे काही म्हणावं, आणि तिकडे कुणाची तरी रात्र त्यात खर्ची पडावी. तिने माळ हळूच मांडीवर ठेवली आणि गप्प बसून राहिली.